कुलूप शाबूत आहे

सकाळी सव्वासहाला गावाकडून फोन आला, की पुण्यात राहणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्या वेळच्या फोनमध्ये सहसा एखादं वयस्कर माणूस असतं आणि 'जाणे' हे क्रियापद असतं. मध्यंतरी आलेल्या अशाच एका फोनमध्येही क्रियापद तेच होतं. चुलतभाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दादा, गेली." मी थोरल्या काकूंच्या आठवणीनं गलबलायच्या बेतात होतो, तोवर तो पुढं म्हणाला, "पाच एचपीची. स्टार्टरसकट."

मोटार गेली होती. काकू ठणठणीत होत्या. मागून चोराचं कूळ उद्धरताना त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"आणि शेडचं कुलूप?" मी विचारलं.

"कुलूप शाबूत हाय की. लावलेलंच हाय."

हे सांगताना त्याच्या आवाजात दुःखापेक्षा कौतुक जास्त होतं. कारण ते कुलूप मी घेतलेलं. गेल्या दिवाळीआधी बोहरी आळीत जाऊन, नऊशे रुपये मोजून. दुकानदार म्हणाला होता, "सात लिव्हरचं आहे साहेब. करवत घेऊन बसला तरी चोराला सकाळ होईल." दुकानदार खोटं बोलला असं मला आजही म्हणता येत नाही. त्या कुलपावर करवतीचा ओरखडासुद्धा नव्हता.

आमची ही खोली विहिरीच्या काठावर आहे. भिंती विटांच्या, वर पत्रा, पत्र्यावर दगड. तिला घरातला प्रत्येक जण वेगळ्या नावानं ओळखतो. आबा 'मोटारीची खोली' म्हणतात, काकू 'अडगळ' म्हणतात, चुलतभाऊ 'शेड' म्हणतो आणि मी 'स्टोअर रूम' म्हणतो, कारण मी पुण्यात राहतो. आत काय काय आहे हे विचारलं तर चौघांची उत्तरंही वेगळी येत. या खोलीतली एखादी वस्तू आम्हाला हवी असली, की आधी तासभर शोधायचं, मग तालुक्याला जाऊन नवी आणायची आणि ती ठेवायला खोलीत गेलं की जुनी सापडायची, हा रिवाज होता. त्यामुळे आमच्याकडे तीन नंबरचे पान्हे चार होते आणि ते सगळे एकाच वेळी कधीच दिसत नसत.

कुलपाला किल्ल्या तीन. एक चुलतभावाच्या करदोड्याला. दुसरी माझ्या पुण्यातल्या कपाटात, म्हणजे शेडपासून तीन तासांवर. तिसरी विहिरीच्या कठड्यालगतच्या सुट्या विटेखाली, कारण लाइट रात्री बाराला येते आणि त्या वेळी ज्याला जाग असेल त्यानं मोटार चालू करायची असते. या विटेची गोष्ट आम्ही अत्यंत गुप्त ठेवली होती. ती फक्त आम्हाला, वाटेकऱ्याला, वाटेकऱ्याच्या मेहुण्याला, ऊसतोडीच्या मुकादमाला, वायरमनला आणि येता-जाता पाणी प्यायला थांबणाऱ्या मेंढपाळांना ठाऊक होती. अख्ख्या शिवारात त्या विटेची माहिती नसलेला एकच माणूस निघाला आणि तो नेमका चोर. "चोर बाहेरगावचा हाय," हा आबांचा निष्कर्ष या एका विटेवर उभा आहे.

दुपारी मी पोचलो. दृश्य असं होतं : दार सताड उघडं, दाराला कडी, कडीत कुलूप, कुलपात अडकलेला कोयंडा आणि कोयंड्याच्या भोकांतून लोंबणारे तीन स्क्रू व एक खिळा. सगळं कुटुंब एकत्र, कोणी कोणाला सोडलेलं नाही. फक्त चौकटीनं साथ सोडली होती. चौकट जुन्या बाभळीची, आतून वाळवीनं भुसा केलेली. चोरानं कुलपाकडे बघितलंही नसावं. त्यानं कोयंड्यामागं पहार घातली आणि एक हिसका दिला.

पहारही आमचीच होती. खोलीत मावत नाही म्हणून ती कायम बाहेर, दाराशेजारी भिंतीला टेकून असे. काम झाल्यावर चोरानं ती पुन्हा त्याच जागी, त्याच भिंतीला टेकवून ठेवली होती. आमच्या घरात वापरलेली वस्तू जागच्या जागी ठेवणारा हा पहिलाच माणूस.

चोरी झाली, की पोलीस येण्याआधी गावात वीस-पंचवीस तपास अधिकारी जमतात. त्यांचं पहिलं काम म्हणजे चोराच्या पावलांचे ठसे दाखवत त्यांवरून चालणं. दुसरं काम अंदाज. "दोघं असणार." "छ्या, पाच एचपी दोघांना उचलतीय व्हय? तिघं." एकानं तर मोटार दोघांत कशी उचलता येते याचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि ते इतकं सफाईदार झालं, की लोक त्याच्याकडे निराळ्या नजरेनं बघू लागले. तो लगेच घरी गेला.

मग इतरांच्या चोऱ्या निघाल्या. आजारपण आणि चोरी या दोन गोष्टींत आपली लहान आहे असं कुणीही कबूल करत नाही. एक जण म्हणाला, "तुमची तर जमिनीवरची नेली. माझी पाणबुडी बोअरमधनं उपसून नेली. पाइप, केबल, दोरखंडासकट." यावर सगळे गंभीर झाले. दोनशे फुटांवरची पाणबुडी मोटार वर काढायला आम्हाला घोडा, चेन-कप्पी, चार माणसं, मजुरी आणि दोनदा चहा लागतो. वर एखादा पाइप निसटून आत पडतोच. चोर हेच काम अंधारात, न बोलता, बिनचहाचं करतात. "असली माणसं कामाला मिळंना झाल्यात," असं कुणीतरी मागून म्हणालं आणि त्या सुस्काऱ्यात सगळं शिवार सामील झालं.

हवालदारसाहेब आले आणि यादी सुरू झाली. मला वाटतं, जगात शेतावरच्या खोल्यांची खानेसुमारी फक्त चोरीनंतर होते. चाळीस वर्षांत जे आम्हाला जमलं नव्हतं ते त्या दुपारी झालं : आमच्याकडे काय होतं हे आम्हाला कळलं. मोटार, स्टार्टर, साठ मीटर केबल, कडबाकुट्टीची मोटार, पितळी फुटव्हॉल्व्ह, पान्हे (चारही, म्हणजे चोराला ते एकाच वेळी सापडले), ठिबकचे व्हॉल्व्ह. चुलतभाऊ खड्या आवाजात सांगत होता आणि एका जागी येऊन अडखळला. मग हवालदारांच्या कानाशी लागून अगदी हळू म्हणाला, "एक चेन-कप्पी."

हवालदारांनी पद्धतीप्रमाणे ते मोठ्यानं उच्चारत लिहिलं : "एक... चेन... कप्पी."

मागं शेजारचे तात्या उभे होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कप्पी मागायला माणूस पाठवला होता, तेव्हा "कवाच परत दिलीया" असं आम्ही चौघांनी चार तोंडांनी सांगितलं होतं. तात्या शांतपणे म्हणाले, "आमची कप्पी तुमच्याकडंच हुती व्हय?" त्या दिवशी त्या जागी दोन चोऱ्या उघडकीला आल्या. एकीचा तपास अजून चालू आहे.

"मोटारीची किंमत?"

"अठ्ठावीस हजार."

"नवी का जुनी?"

"जुनी. तीनदा भरल्याली." (मोटार जळली की तिचं वायंडिंग नव्यानं करून घ्यायचं, याला आमच्याकडे 'भरणं' म्हणतात. आमची मोटार बँकेतल्या आमच्या खात्यापेक्षा जास्त वेळा भरली गेली आहे.)

"बिल?"

"स्टार्टरच्या पेटीत ठेवलं हुतं."

हवालदारांनी लिहिलं, 'जुनी वापरती, बिल नाही.' पंचनाम्याच्या मराठीचा मी तेव्हापासून भक्त आहे. 'कोणीतरी अज्ञात चोरट्याने रात्रीचे वेळी बंद खोलीचा कडीकोयंडा कशाचे तरी साहाय्याने उचकटून, आत प्रवेश करून, फिर्यादीचे संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने...' प्रत्येक शब्द पारखलेला. चोर ज्ञात असता तर तो चोरटा राहिला नसता, आणि संमती असती तर ती उसनवारी झाली असती, हे तात्यांच्या कप्पीवरून आम्हाला नुकतंच पटलं होतं. आणि 'कडीकोयंडा उचकटून'! घरफोडीच्या बातम्यांत हे शब्द मी लहानपणापासून वाचत आलो. पण बातमीत 'कुलूप उघडून' क्वचितच का येतं, हा विचार नऊशे रुपये देताना माझ्या मनाला शिवला नव्हता.

शेवटी त्यांनी लोंबणाऱ्या ऐवजाचं वर्णन घेतलं : एक कुलूप, सुस्थितीत, एक कोयंडा, तीन स्क्रू, एक गंजलेला खिळा. लिहिता लिहिता मान वर करून विचारलं, "हा खिळा कुणी मारलाय?" चुलतभावानं वाटेकऱ्याकडे बघितलं, वाटेकऱ्यानं गवंड्याचं नाव घेतलं, गवंडी चार वर्षांपूर्वी वारला होता. विषय तिथंच राहिला.

कलम घालताना हवालदारांनी सवयीनं आधी ४५७, ३८० लिहिलं, मग खोडून ३३१, ३०५ केलं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली, पण बोटांना जुने आकडे पाठ आहेत. एवढ्यात माझ्या पुतण्यानं मोबाइलमध्ये बघून नवी माहिती पुरवली : चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, गुन्हेगार पहिलटकर असेल आणि त्यानं माल परत केला, तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. आबा इतका वेळ खाटेवर गप्प होते. ते एकदम उठून बसले.

"मंग समाजसेवा म्हणून त्याला आमच्या उसाला पाणी पाजाय लावा. रातचं जागायची सवय हायच त्याला."

"आबा, तुमचा माल अठ्ठावीस हजारांचा आहे," हवालदार म्हणाले.

"जुनी वापरती हाय की वो. तीनदा भरल्याली. चार हजार नऊशे धरा."

भाव पाडण्याची ही बोली अर्धा तास चालली. रात्री पाणी पाजायला माणूस मिळणं किती अवघड आहे, हे ज्याला माहीत नाही त्यानंच आबांना हसावं.

चोरानं जे नेलं त्यापेक्षा जे नेलं नाही ते मात्र जिव्हारी लागलं. अनुदानातून घेतलेला फवारणीचा बॅटरी पंप त्यानं खोलीतून उचलून दारापर्यंत आणला होता आणि तिथंच ठेवून दिला होता. म्हणजे आधी घेतला, मग हाताळला आणि मग विचार बदलला. हा पंप पहिल्या दिवसापासून पिकापेक्षा पाठीवर जास्त फवारतो. तरी आबा सात वर्षं त्याची बाजू लढवत आले आहेत. काकूंनी पंपाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "बघा. फुकाट बी न्हेला न्हाई." सात वर्षांचा वाद एका अज्ञात चोरट्यानं एका रात्रीत मिटवला. शेंगांच्या पोत्यातल्या चार मुठी त्यानं खाल्ल्या होत्या. टरफलांचा ढीग मात्र कोपऱ्यात नीट लावलेला. काकू एवढंच म्हणाल्या, "आईबापानं वळण चांगलं लावलंया."

चोराचं कौतुक करण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडतो तेव्हा आधी आकाराचा विचार करतो : उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ... यांतलं पक्क्या विटांच्या भिंतीला काय शोभेल? शेवटी पूर्णकुंभ ठरतो. मापाची दोरी घरी विसरलेली असते म्हणून गडी गळ्यातलं जानवं काढून माप घेतो. आणि सकाळी ज्याच्या घरी चोरी झाली तो चारुदत्त त्या भोकाची वाहवा करतो. वर, बिचारा रिकाम्या हातानं गेला नाही, याचं त्याला समाधान वाटतं! आमच्या चौकटीला आकार वगैरे नव्हता, नुसत्या ढलप्या निघाल्या होत्या. पण टरफलांच्या ढिगापुढं उभ्या असलेल्या काकू मला त्या क्षणी चारुदत्ताच्या गोत्रातल्या वाटल्या.

शूद्रकाकडे भगदाडाच्या तऱ्हा आहेत, तशा कायद्याकडे घरफोडीच्या आहेत. मेकॉलेच्या आयोगानं मसुदा केलेल्या आणि १८६० साली मंजूर झालेल्या दंडसंहितेत घरफोडीचे बरोबर सहा मार्ग सांगितलेले होते. नव्या संहितेतही सहाच आहेत. भिंतीला भोक पाडून, खिडकीतून, दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी उचलून अशी सगळी उदाहरणं दिलेली. घरमालकाची हरवलेली किल्ली चोराला सापडली आणि तिनं दार उघडून तो आत गेला तर तीसुद्धा घरफोडीच. हे वाचून विटेखालच्या किल्लीविषयीचा माझा अपराधी भाव जरा कमी झाला. कायद्यानं किल्ली हरवणाऱ्यांचाही विचार केलेला आहे. कुजक्या चौकटीला नऊशेचं कुलूप लावणाऱ्यांचा कुणीच केलेला नाही.

आता कुलपांची थोरवी ऐका. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं १७९० साली लंडनमध्ये पिकॅडिलीतल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलं आणि पाटी लावली : किल्लीशिवाय हे उघडील त्याला २०० गिनी. साठ वर्षं ते कुणाला उघडलं नाही. ब्रामा वारला तरी कुलूप बंदच. मग १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाला हॉब्ज नावाचा अमेरिकन आला. त्यानं चब कंपनीचं नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं आणि ब्रामाच्या कुलपापुढं बसला. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपला, तेव्हा ते उघडलं. इंग्लंडात हलकल्लोळ झाला. ते कुलूप आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

ही हकिकत मी रात्री आबांना सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "ते कुलूप कशाला लावलं हुतं?"

"कशालाच नाही. खिडकीत नुसतं ठेवलं होतं."

"मंग बराबर हाय," आबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

साठ वर्षांचं ते रहस्य एवढंच होतं. त्या कुलपाला कोयंडा नव्हता. आमच्या शिवारातला चोर तिथं गेला असता, तर त्यानं एक्कावन्न तास घालवले नसते. खिडकीच उचकटली असती.

आठ दिवसांनी मोटार सापडली; म्हणजे मोटारीचं कलेवर सापडलं. ऊसतोड चालू झाली तेव्हा पलीकडच्या फडात, सरीत आडवं पडलेलं. बिडाचा सांगाडा तसाच, आतलं तांबं काढून नेलेलं. ओढ्यात काळं वर्तुळ दिसलं; तिथं केबल जाळून तिच्यावरचं प्लॅस्टिक उतरवलेलं. चोराला पाणी नको असतं, मोटारही नको असते. त्याला तिच्या पोटातलं तीन-चार किलो तांबं हवं असतं. ते भंगारात वितळलं की त्याच्यावर ना कंपनीचं नाव, ना आमचं. आमचं अठ्ठावीस हजारांचं नुकसान करून त्याच्या हाती तीन हजार तरी पडले की नाही, देव जाणे. एवढ्या तोट्याचा धंदा शेतीनंतर हाच असावा.

सांगाडा चुलतभावानं ट्रॅक्टरमधून घरी आणला. आबांनी तो धुऊन घेतला, खोलीत ठेवला आणि बाहेरून कुलूप लावलं.

उपाय पुष्कळ सुचवले गेले. पुतण्या म्हणाला सोलरवरचा कॅमेरा बसवू. तात्या म्हणाले, "बसवा. आधी तोच न्हेतील." कुत्रा पाळायची सूचना आली, पण कुत्रा आहेच. तो रात्री घरात झोपतो, कारण उसात बिबट्या आहे. काकू म्हणाल्या, शनी शिंगणापूरला जाऊन तेल वाहून या. नेवासा तालुक्यातल्या त्या गावात परंपरेनं घरांना चौकटी असतात, पण दारं-कुलपं नसतात. २०११ साली तिथं बँकेची शाखासुद्धा कुलपाशिवाय उघडली. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतात अशी श्रद्धा. मला त्या व्यवस्थेतला हिशेबीपणा पटला : दारच नाही म्हटल्यावर उचकटायला काही राहत नाही.

आम्ही शेवटी लोखंडी चौकट बसवली आणि कोयंडा वेल्डिंग करून घेतला. वेल्डिंगचा खर्च कुलपाच्या निम्मा आला. वेल्डरनं काम करता करता सांगितलं, की आजवर त्यानं उचकटलेल्या कोयंड्यांची जी जी दारं दुरुस्त केली, त्या प्रत्येकाचं कुलूप चांगलंच होतं. तेव्हा वाचकांनो, आज संध्याकाळी एक करा. कुलूप ओढून बघू नका. ते आपण सगळेच बघतो, दोनदा बघतो, जिना उतरून गेल्यावर परत येऊनही बघतो. कोयंडा हलवून बघा. त्याचे स्क्रू मोजा.

आमच्या कोयंड्याचे मी मोजले होते, दिवाळीत कुलूप लावायला गेलो तेव्हा. चार भोकं होती आणि स्क्रू तीन. चौथा खाली गवतात पडला, मला एसटी गाठायची होती. खिळा मी मारला.